लिनक्सवाल्या काकाजींवरचा आळ

नाटकाचा शेवट घराबाहेर सांगायचा नाही, हे मला पाढ्यांच्याही आधी शिकवलं गेलं. बाबूजी टायपिस्ट होते. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला आमचं घर, आणि पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. वर्षभर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका असं काम चाले, पण त्यांचा जीव अडकलेला असायचा तो पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत. झाडीपट्टीतली, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटक मंडळं तेव्हा नव्या नाटकांच्या हाताने लिहिलेल्या वह्या घेऊन आमच्याकडे येत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, पाहुण्यांनी घरं भरून जातात आणि गावात नाटक लागतं. ज्या नाटकाची गोष्ट आधीच फुटली, त्याला कोणी बोलावत नाही. म्हणून वही आली की बाबूजी ती खाकी कागदात गुंडाळत, टायपिंग संपलं की स्वतः नेऊन देत. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, यंदाच्या नाटकात कोण मरते गं? मी तोंड घट्ट मिटून घ्यायचे. मला सगळं माहीत असायचं, आणि सांगायचं नाही यातही एक ऐट होती.

त्या खोलीचे आवाज आजही माझ्या कानात आहेत. बाहेर ट्रकांची घरघर, मागच्या गल्लीतल्या राइस मिलची धडधड, आणि या दोन्हींच्या मधोमध बाबूजींच्या बोटांखालचा कीबोर्ड. ते मूळचे टाइपरायटरवर शिकलेले. कळ दाबत नसत, ठोकत. एखादा करुण प्रवेश आला की ठोकणं मंद व्हायचं आणि आई आतून विचारायची, "मेली का जी ते बाई?" बाबूजी वहीचं पुढचं पान उलटायचे. आई चुलीवरून लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आणून टेबलाच्या अगदी कोपऱ्यावर ठेवायची, कारण तेलाचा हात वहीला लागला तर बाबूजी दिवसभर बोलायचे नाहीत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या कॉम्प्युटरवर एक निरोप यायला लागला. या मशीनवरच्या विंडोजला आता सुरक्षेचं नवं काही मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. रोज सकाळी मशीन सुरू केलं की तो निरोप यायचा, आणि बाबूजी समोर कोणी उभं राहून ऐकवतंय असं तोंड करून तो बंद करायचे. भंडाऱ्याच्या दुकानदाराने सांगितलं, नवी विंडोज या मशीनवर चढणार नाही, मशीनच नवं घ्या. बाबूजींना ते पटेना. मशीन व्यवस्थित चालत होतं. चालणारी वस्तू टाकून द्यायला कोणी सांगतं आहे, म्हणजे यात त्याचा काहीतरी डाव आहे, असं त्यांचं मत पडलं. आमच्या घरात संशय हा असा पाण्यासारखा असायचा. पाहुण्याला दिल्याशिवाय कोणी बसत नसे.

अशा दिवसांत कारध्याचे हटवार काकाजी आमच्या दारात आले. एका तांत्रिक कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करून ते निवृत्त झाले होते. उंच, वाकलेले, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. नदीवरचा पूल ओलांडून, भंडारा पार करून ते बाजाराच्या दिवशी मोपेडवरून शहापूरला यायचे, आणि ज्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे त्याच्या घरी जाऊन म्हणायचे, टाकू नका, विंडोजच्या जागी मी लिनक्स टाकून देतो. आमच्या गावच्या वाचनालयातला धूळ खात पडलेला कॉम्प्युटर त्यांनी चालू करून दिला होता. किती घेता, असं विचारलं की हात हलवायचे. काहीच नाही. चहा चालेल.

या ‘काहीच नाही’ने गाव हैराण झालं होतं. कोणी म्हणायचं, भंगारवाल्याशी त्यांचं संधान आहे. कोणी म्हणायचं, ते लोकांची आधार कार्डं गोळा करतात. चौकातल्या शामरावच्या चहाच्या टपरीवर तर असंही ठरलं होतं की एका परदेशी कंपनीने त्यांना गावं नेमून दिली आहेत. माझी आई या सगळ्यांच्या पुढे होती. ती म्हणाली, "फुकट देऊन राहिला म्हणते तो. आपल्या घरून काय नेऊन राहिला, ते पाहा पहिले." काकाजी यायचे म्हटलं की ती कागदपत्रांच्या पेटीवर गोधडी टाकायची आणि स्वतःचा मोबाइल पालथा घालून ठेवायची.

बाबूजी मात्र त्या रोजच्या निरोपाला इतके वैतागले होते की हो म्हणाले. काकाजींनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, आधी नुसतं चालवून दाखवलं. "हे पाहा बांतेबाबू, अजून तुमच्या डिस्कले मी हात नाही लावला. पसंत पडलं तर टाकू, नाही तर मी चाललो." खालच्या पट्टीवर तसंच बटण, तशाच खिडक्या. आमचा जुना प्रिंटर काही न सांगता त्याने ओळखला तेव्हा बाबूजींच्या भुवया वर गेल्या. स्कॅनर मात्र ओळखला नाही, तेही काकाजींनी आपणहून सांगितलं. जुन्या फायलींची एक नक्कल त्यांनी बाबूजींच्याच पेन ड्राइव्हवर काढून बाबूजींच्या हातात दिली आणि मग काम सुरू केलं.

मी शेजारी वही घेऊन बसले होते. ते जे जे टाइप करतील ते मी लिहून घेत होते. पुढेमागे पोलिसात द्यावं लागलं तर असावं, असा माझा विचार. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागल्या आणि माझा पेन थांबला. काकाजी हसले नाहीत. म्हणाले, "लिव, लिव. मी थांबतो." आणि खरोखरच थांबले.

"याले मालक कोण?" बाबूजींनी विचारलं.

"एक असा कोणी नाही. जगभरातले लोक मिळून बनवते. काहीजण पगारावर, काहीजण आपल्या खुशीनं. आता तर लय लोक येऊन राहिले इकडं. ज्याची मशीन जुनी झाली तो येते, गेम खेळणारे पोट्टे येऊन राहिले. हे ओपन आहे नं जी. कोणीही याचं पोट उघडून पाहू शकते."

बाबूजी खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे आमच्या फायली पण?"

"नाही जी. याची बनावट उघडी आहे. तुमच्या फायली तुमच्याच कुलपात."

फरक साधा होता आणि त्यांनी तो नीट समजावला. पण आईने आतून फक्त ओपन एवढंच ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मीही तेवढंच धरून ठेवलं. उघडं म्हणजे उघडं. आमचं घर एका बंद वहीवर चालत होतं.

खरी अडचण दोन दिवसांनी कळली. टायपिंगची टाइपरायटरसारखी मांडणी काकाजींनी बसवून दिली होती, बाबूजींची बोटं नव्या मराठीवर भराभर चालत होती. पण जुन्या फायली वेगळ्या होत्या. त्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. इथे त्या उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. आणि एकोडीच्या वाघाये मास्तरांचं नवं नाटक शेवटापर्यंत त्या जुन्या फाँटमध्ये टाइप होऊन पडलं होतं. मास्तर स्वतःच नाटक लिहीत, स्वतःच मंडळ चालवत, आणि गेली कित्येक वर्षं बाबूजींखेरीज कोणाला वही देत नसत. शनिवारी ते प्रती न्यायला येणार होते.

मी काकाजींना फोन केला. ते म्हणाले, "घाबरू नको. हे लिनक्समुळं नाही, फाँटच तसा आहे. अक्षरं बदलाची एक युक्ती आहे, तुमच्याच मशीनवर करून देतो. शुक्रवारी येतो. तोवर फाइल कोठी धाडू नको हं बाहेर."

फोन ठेवल्यावर मी आईकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे. दोघींच्या मनात एकच आलं होतं. शुक्रवारी हा माणूस आमच्या मशीनसमोर बसणार आणि मास्तरांचं अख्खं नाटक वाचणार. बाहेर पाठवू नको म्हणतो, म्हणजे त्याला ते स्वतःसाठी हवं आहे. आज हे लिहिताना मला माझ्या त्या हुशारीची लाज वाटते, पण तेव्हा मला ती हुशारीच वाटली होती.

माझ्या मोबाइलवर टायपिस्ट लोकांचा एक ग्रुप होता. चार जिल्ह्यांतले दुकानवाले त्यात होते, बाबूजींना मोबाइलचं फारसं जमत नसल्यामुळे त्यांच्या वतीने मीच त्यात असायचे. कोणाला पत्रिकेचा नमुना हवा, कोणाला फाँट हवा, असं दिवसभर चाललेलं असे. मी फाइल तिथे टाकली. खाली लिहिलं, कोणी हे नव्या मराठीत करून देता का, अर्जंट. कोणता फाँट आहे हे मला सांगता येत नव्हतं आणि बदलून सगळंच हवं होतं, म्हणून एकच पान न टाकता पूर्ण फाइल टाकली. तासाभरात एका अनोळखी दुकानवाल्याने ती बदलून परत पाठवली. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग ग्रुपमधून फाइल काढून टाकली, आणि पुसलं म्हणजे झालं, असं समजले.

बदललेली फाइल वाचता येत होती, फक्त डोक्यावरचा रफार सगळीकडे एक घर पुढे सरकला होता. नायिकेचं नाव पर्वता, तिथे पवर्ता. अर्धा कोस, तिथे अधार् कोस. मी आख्खी दुपार बसून एकेक शब्द दुरुस्त केला. शुक्रवारी काकाजी आले तेव्हा मी दारातूनच सांगितलं, झालं आमचं काम. त्यांनी विचारलं, कसं केलं? मी म्हटलं, केलं. "बरं झालं," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले. शनिवारी मास्तर आले, प्रतींचा गठ्ठा छातीशी धरून म्हणाले, "बांतेबाबू, यंदा रडवतो बा सगळ्याइले." बाबूजी दिवसभर खुशीत होते.

दिवाळी झाली. धान कापून खळ्यावर आलं, मंडया सुरू झाल्या. एका दुपारी आई पाहुण्यांसाठी झिंगे साफ करत बसली होती, मी पीठ भिजवत होते, आणि बाहेर मास्तरांची गाडी थांबली. ते आत आले, बसले नाहीत.

"माझं नाटक दुसऱ्या मंडळानं लावलं," ते म्हणाले. "नावं बदलवली. गाव बदलवलं. बाकी सगळं तेच. शेवटसुद्धा तोच. माझ्याआधी आठ दिवस लावलं. आता माझ्या तीन मंडया रद्द झाल्या. लोकं म्हणते, हे तर पाहिलं आम्ही, मास्तरानंच चोरलं."

बाबूजींनी मास्तरांपुढे खुर्ची सरकवली. "मास्तर, माझ्या घरून नाही गेलं."

"मग कोठून गेलं? माझ्या वहीले तुमच्याशिवाय कोणी हात नाही लावला. माझे कलाकार तर एकेक पान घेऊन पाठ करते."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. तो संशय नव्हता. आधाराला पाहतात तसं पाहिलं. आणि मी, ग्रुपमध्ये टाकलेली फाइल तेव्हाही न आठवता म्हणाले, "हटवार काकाजी. त्याइनंच कॉम्प्युटर उघडा करून ठेवला."

मी खोटं बोलले का? आजवर अनेकदा स्वतःला विचारलं आहे. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. ग्रुपमध्ये टाकलेली फाइल माझ्या लेखी चोरी होण्यासारखी नव्हतीच, ती माझ्या हाताने गेली होती, ओळखीच्या कामासाठी गेली होती, आणि मी ती पुसली होती. चोरी करतो तो बाहेरचा, चष्म्याची काडी तारेने बांधलेला, पैसे न घेणारा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काकाजी शामरावच्या टपरीजवळ मोपेड लावत असताना मी त्यांना गाठलं. बाबूजी मागे होते, मला आवरत होते. बाजाराची गर्दी, भाजीवाल्या, टपरीवरचे दहाबारा लोक. मी मोठ्याने विचारलं, "मास्तरचं नाटक कोणाले इकलं काकाजी तुमी?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. "बाई, मी ते फाइल पाहिलीच नाही. तूनंच तर दाखवली नाही."

"पाहाची गरज काय पडते? ओपन आहे म्हनता नं तुमी? घरी बसून दिसत असंल तुमाले."

"तसं नसते ते. मी सांगतलं होतं तुले."

"मग फुकट काहून टाकून देऊन राहिले लोकाइले? काय भेटते तुमाले?"

याचं उत्तर त्यांनी दिलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. त्यांनी तोंड उघडलं, आणि टपरीवरचे सगळे ऐकायला पुढे झुकले. त्यांचं ते झुकणं काकाजींनी पाहिलं आणि तोंड मिटलं. शामराव चहा गाळता गाळता म्हणाला, "मी तं पहिल्यापासून म्हनून राहिलो होतो." बस्स, एवढंच लागलं. वाचनालयातला कॉम्प्युटर त्याच आठवड्यात कपाटात गेला. शिंप्याच्या मुलीचा लॅपटॉप काकाजींनी चालता करून दिला होता, तिच्या बापाने तो बंद करून पोत्यात घातला. आमच्या घरी आई म्हणाली, काढून टाका ते. बाबूजींनी ते काढलं नाही, पण मशीन सुरूही केलं नाही. कीबोर्डवर टॉवेल टाकला. मिलचा आवाज त्या दिवसांत फार मोठा वाटायचा.

दहा दिवसांनी मास्तर परत आले. दुसऱ्या मंडळातल्या एका नटाकडून त्यांनी त्या नाटकाच्या काही पानांची झेरॉक्स मिळवली होती. एकेका संवादाखाली लाल रेघ मारून ते बाबूजींना दाखवत होते, हे माझं, हेही माझं. मी चहा घेऊन गेले आणि वरून पान दिसलं. पर्वताची सुमन झाली होती. पण चौथ्या की पाचव्या ओळीत पेनाने एक शब्द खोडून वर दुरुस्त केला होता, आणि खोडलेला शब्द अजून वाचता येत होता. अधार् कोस.

मी कप नीट खाली ठेवला. दुसरं पान उचललं. तिथे वर्षाच्या जागी वषार्. ते सगळे शब्द मला ओळखीचे होते, त्या दुपारी एकेकाला धरून मी जागेवर बसवलं होतं. आमच्या कागदावर ते असे कधीच गेले नव्हते. मास्तरांच्या वहीत नव्हते. काकाजींनी तर ते पाहिलेही नव्हते. ते फक्त एकाच फाइलमध्ये होते, मोबाइलवर आलेल्या.

मास्तर गेले. मी कप विसळून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तांदळाच्या पिठाचे चिले केले होते, बाबूजी जेवायला बसले होते, आणि मी भिंतीला टेकून सांगून टाकलं. ग्रुप, फाइल, रफार, सगळं. आई म्हणाली, "हळू बोल, शेजारी ऐकून राहिले." बाबूजींनी ताट अर्धं असताना हात धुतला. मला वाटलं मारतील. त्यांनी कधी मारलं नव्हतं. त्यांनी खुंटीवरचा सदरा घातला आणि म्हणाले, "चाल."

आधी एकोडीला गेलो. एसटीत दीड तास ते माझ्याशेजारी बसून खिडकीबाहेर पाहत होते. धान कापलेल्या रिकाम्या बांध्या, त्यात चरणारी जनावरं. मास्तर अंगणात खाटेवर बसले होते. बाबूजी उभ्यानेच म्हणाले, "मास्तर, माझ्याच घरून गेलं."

"कोणी धाडलं?"

बाबूजी एक पाऊल पुढे झाले. ते स्वतःचं नाव घेणार आहेत हे मला दिसलं, आणि मी म्हणाले, "मी."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. खाटेची सैल झालेली नवार ओढून घट्ट केली. "पोरीनं खरं सांगतलं, बरं केलं," ते म्हणाले. "पण बांतेबाबू, आता वही तुमच्याकडं नाही देऊ शकत मी. माझी हिंमत नाही होणार." बाबूजींनी मान हलवली. त्यानंतर मास्तरांची वही आमच्याकडे कधी आली नाही, आणि बाबूजींनी त्याबद्दल मला कधी एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

तिथून परत येऊन दुपारी कारध्याला. काकाजींचं घर नदीकडच्या उताराला. ते ओसरीवर एका उघड्या मशीनमध्ये मान घालून बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, पण बसा म्हणाले नाहीत. मी सांगितलं. रडत सांगितलं. त्यांनी रडणं संपू दिलं.

"माझ्या नातवाले शाळेत पोट्टे चोट्ट्याचा नातू म्हणून राहिले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मले काहून सांगून राहिली तू हे? मी नाही केलं, हे तं मले माहीतच होतं. ज्याइले माहीत नाही त्याइले सांग."

म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा शामरावच्या टपरीपुढे उभी राहिले. या वेळी बाबूजी मागे नव्हते, शेजारी होते. काकाजीही आले होते, मोपेडवर बसूनच, एक पाय जमिनीवर टेकवून. मी म्हणाले, काकाजींनी काही केलं नाही. फाइल मी पाठवली. माझ्या मोबाइलवरून गेली. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला.

मला वाटलं, आता लोक मला बोलतील. मी त्यासाठी तयार होऊन आले होते.

शामराव म्हणाला, "कायले खोटं बोलून राहिली बाई?"

"खोटं नाही. खरं सांगून राहिली."

"त्या दिवशी तं वेगळंच सांगत होती. कोणी धमकी देल्ली का तुले?" त्याने काकाजींकडे हनुवटीने खूण केली. बाकावरचा एकजण म्हणाला, "कॉम्प्युटरात पोरीचं काही भेटलं असंल याले. म्हणून हे वदवून घेऊन राहिला." दुसऱ्याने बाबूजींना बाजूला घेऊन कानात विचारलं, पोलिसात जायचं का, आम्ही येतो संगं. बाबूजी ओरडून म्हणाले, "माझ्या पोरीनंच केलं!" ते मोठ्याने बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बापालाही धरलं म्हणजे प्रकरण मोठं आहे, असंच त्यांच्या डोळ्यांत होतं.

पंधरवड्यापूर्वी माझ्या एका वाक्यावर ज्यांनी पुरावा मागितला नाही, त्यांच्यापुढे मी मोबाइल उघडून ती परत आलेली फाइल दाखवत होते, आणि कोणी पाहत नव्हतं. काकाजींनी मोपेडला किक मारली. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "तू सांगतलं. झालं." त्यानंतर ते शहापूरला आले नाहीत.

मी मात्र रविवारी कारध्याला जायला लागले. पहिल्या दोन वेळा त्यांनी मला ओसरीवर बसवून ठेवलं आणि आपलं काम करत राहिले. तिसऱ्या वेळी एक जुना लॅपटॉप पुढे सरकवला. बाबूजींची राहिलेली सगळी जुनी नाटकं मी तिथे शिकून बदलून घेतली. घरच्या मशीनवरचा टॉवेल निघाला. आई शेवटपर्यंत त्या मशीनसमोर आधार कार्ड काढत नसे, तो भाग वेगळा. हळूहळू आमच्या भागात लिनक्स वाढत गेलं. कारध्यात काकाजींनी, पुढे मी, आणि नंतर कोणी सांगायची गरज राहिली नाही. आता मी शाळांमध्ये जाते तेव्हा मुलं त्याला लिनक्सही म्हणत नाहीत, नुसतं कॉम्प्युटर म्हणतात. शहापूरचं वाचनालयही केव्हाचं त्यावर आलं. ते कोणी टाकलं असं विचारलं तर माझं नाव सांगतात. काकाजींचं नाव निघालं की मात्र जुनी माणसं आजही जराशी थांबतात आणि म्हणतात, होता बाप्पा तो एक, काही तरी भानगड होती त्याची.

काकाजी गेले तेव्हा मी गावी नव्हते. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा, संध्याचा फोन आला. बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये आईचे जुने फोटो आहेत, ते मला काढून द्याल का? पासवर्ड त्यांनी तिला लिहून दिला होता. मी गेले. त्याच ओसरीवर तिने मला बसवलं, मशीन लावून दिलं आणि ती आत कामाला गेली.

फोटो पहिल्या दहा मिनिटांतच सापडले. मी ते काढून घेतले आणि उठले नाही. एक फोल्डर उघडला, मग दुसरा. त्यात घरांची एक यादी होती. गाव, आडनाव, मशीन कोणतं, प्रिंटर लागतो की नाही, स्कॅनर लागतो की नाही. ती मी खालपर्यंत वाचली. आमचं नाव होतं, पुढे स्कॅनर बाकी एवढंच लिहिलं होतं. मग मी त्यांची पत्रं उघडली. नातवाच्या शाळेची, पेन्शनची, कुठल्याशा दूरच्या माणसाला प्रिंटरबद्दल विचारलेली. तीही वाचली. उन्हं ओसरीवरून उतरून अंगणात गेली तरी मी एकामागून एक उघडतच होते.

संध्या चहा घेऊन आली. पडद्याकडे पाहून म्हणाली, "फोटो नाही भेटले का ताई? काय पाहून राहिल्या एवढं?"

काकाजींना फुकट करून काय मिळत होतं, हे मी इतक्या वर्षांनीही शोधत होते. मी सगळं बंद केलं, पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला, आणि चहा तसाच ठेवून निघाले.